कोष्टकातले ‘चांगले’ पाणलोट

नोकरी लागली त्या पहिल्याच आठवड्यात आमच्या उपअभियंत्यांनी मला स्ट्रेंजच्या कोष्टकाची एक सायक्लोस्टाइल प्रत दिली आणि ‘यावरून येवा काढायचा’ एवढेच सांगितले. येवा म्हणजे पाणलोटातून वाहून नाल्याला येणारे पाणी. डब्ल्यू. एल. स्ट्रेंज या अभियंत्याने आजच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या मुलखातील पाऊस आणि नदीनाल्यांचा प्रवाह यांची सांगड घालून १८९२ साली हे कोष्टक मांडले. माझा जन्म १९५८ चा आणि माझी नोकरी १९८१ ची, म्हणजे कोष्टक तेव्हाच नव्वदीला टेकलेले होते. त्यात डावीकडे पाऊस आणि उजवीकडे तीन स्तंभ होते: चांगले पाणलोट, मध्यम पाणलोट, वाईट पाणलोट. वार्षिक पाऊस ५०० मिलिमीटर असेल तर चांगल्या पाणलोटातून सुमारे १५ टक्के, मध्यमातून ११ टक्के आणि वाईटातून ७ टक्के पाणी वाहून नाल्याला येते, असे ते कोष्टक सांगते.

‘चांगले’ म्हणजे काय, हे मी तेव्हा कोणाला विचारले नाही. चांगले म्हणजे ज्यातून पाणी जास्त येते ते. धरण बांधणाऱ्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, परंतु ज्या माळावरून पाणी जास्त येते तो माळ बहुधा उघडा, तुडवलेला आणि गवत गेलेला असतो, त्याची वरची माती पापुद्र्यासारखी कडक झालेली असते, आणि येणाऱ्या पाण्याबरोबर तीच माती नाल्यात उतरत असते. म्हणजे कोष्टकातले चांगले पाणलोट हे मेंढपाळाच्या दृष्टीने वाईट माळ असते. मृदसंधारणाच्या कामात पस्तीस वर्षे घालवून २०१६ साली निवृत्त झाल्यावर या एका शब्दाने मला जेवढा विचार करायला लावला, तेवढा नोकरीत असताना कधीही लावला नव्हता. कोरड्या माळरानावर किती पाणी वाहील आणि किती माती जाईल याचा अंदाज कसा बांधायचा, याविषयी जे वाचले, पाहिले आणि स्वतः करून बघितले, ते येथे लिहीत आहे.

आधी एक चूक सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यापासून सुरू होते. माण तालुक्यातील एका गावाच्या वरच्या अंगाला चाळीस हेक्टरांचा माळ होता, आणि त्याच्या पायथ्याशी मातीचा नालाबांध घालायचे ठरले. सरासरी पाऊस ५०० मिलिमीटर धरला, पाणलोट मध्यम धरले, ११ टक्क्यांनी ५५ मिलिमीटर येवा आला. चाळीस हेक्टरांवर तो २२ टीसीएम, म्हणजे बावीस हजार घनमीटर होतो. जागेच्या मानाने दहा टीसीएमचा बांध बसत होता. वर्षातून दोनदा भरेल, मधल्या काळात पाणी जिरेल आणि खालच्या विहिरींना उतरेल, असा माझा हिशेब होता. पहिल्या वर्षी जूनमध्ये साठेक मिलिमीटरचा एकच पाऊस संध्याकाळी दीड-दोन तासांत कोसळला, बांध तेवढ्यातच भरला आणि सांडव्याची एक कड घेऊन गेला. त्यानंतरची दोन वर्षे पर्जन्यमापकाच्या नोंदीनुसार पाऊस सरासरीच्या आसपास होता, आणि तरीही बांधात गुडघाभरापेक्षा जास्त पाणी कधी आले नाही. पाऊस पडत होता, पण भुरभुर, दहा-वीस मिलिमीटरचा. तिसऱ्या उन्हाळ्यात तळ कोरडा पडला तेव्हा सांडव्याच्या दुरुस्तीसाठी गेलो असता पाहिले की आत जो गाळ साचला होता तो जवळजवळ सगळा त्या पहिल्या संध्याकाळचा होता. खाली जाडसर वाळू आणि मुरूम, वर बारीक माती, असा एकच थर होता. त्याच्यावर नंतरच्या दोन वर्षांच्या केवळ पातळ रेघा होत्या.

माझी गणिते चुकली नव्हती. वार्षिक सरासरी घेऊन काढलेला येवा सरासरी म्हणून कदाचित बरोबरही असेल. परंतु कोरड्या माळावर ‘वर्ष’ हे मोजमापाचे एककच बसत नाही, कारण वर्षाचे बहुतेक पाणी आणि त्याहूनही अधिक माती दोन-चार वादळांत जाते.

स्ट्रेंजला हे कळत नव्हते असे मुळीच नाही. त्याने रोजच्या पावसासाठीही आकडे दिले होते आणि त्यात जमीन कोरडी, दमट किंवा ओली असे भेद केले होते. आमच्या कार्यालयांत मात्र वार्षिक कोष्टकच चालत राहिले, कारण ते एका पानावर मावते. त्यानंतर १९२९ च्या सुमारास क्लॉड इंग्लिस आणि डिसोझा यांनी पश्चिम भारतातील ५३ ठिकाणच्या प्रवाहाच्या नोंदींवरून दोन सूत्रे दिली, एक घाटमाथ्यासाठी आणि एक पठारासाठी. पठाराचे सूत्र सेंटिमीटरमध्ये असे आहे: पावसातून १७.८ वजा करा, उत्तराला पुन्हा पावसाने गुणा आणि २५४ ने भागा. ५० सेंटिमीटर पावसाला ६.३ सेंटिमीटर येवा येतो, म्हणजे साधारण १२.७ टक्के. स्ट्रेंजच्या ‘चांगल्या’ आणि ‘मध्यम’ या दोन स्तंभांच्या मधोमध हा आकडा बसतो, हे पाहून मला तरुणपणी फार समाधान वाटले होते. दोघांचा मुलूख आणि दोघांची पद्धत जवळपास एकच असल्यामुळे उत्तरे जुळणार होतीच. इंग्लिसच्या सूत्रात माळावर गवत आहे की नाही याला जागाच नाही.

गवताला जागा देणारी पहिली सोपी पद्धत आमच्यापर्यंत आली ती ‘कर्व्ह नंबर’ची. अमेरिकेच्या मृदसंधारण खात्याने १९५० च्या दशकात ती तयार केली. जमिनीचा प्रकार, तिचा वापर आणि वरच्या आच्छादनाची स्थिती पाहून ० ते १०० मधला एक अंक निवडायचा. अंक जितका मोठा तितके पाणी जास्त वाहणार. चराऊ जमिनीचे तीन भेद आहेत: आच्छादन निम्म्याहून कमी असेल तर वाईट, निम्मे ते पाऊण असेल तर मध्यम, त्यापेक्षा जास्त असेल तर चांगले. येथे ‘चांगले’ हा शब्द स्ट्रेंजच्या बरोबर उलट अर्थाने आला आहे. एकाच टेबलावर ही दोन्ही कोष्टके ठेवून काम करणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याचा गोंधळ झाला नाही तरच नवल, आणि मी तो झालेला पाहिलेला आहे.

माझ्या चाळीस हेक्टरांना ही पद्धत मी बऱ्याच वर्षांनी लावून पाहिली. ‘क’ गटाची, म्हणजे पाणी सावकाश मुरणारी जमीन धरली, तर वाईट स्थितीतील चराऊ रानासाठी ८६ आणि चांगल्या स्थितीसाठी ७४ हे अंक आहेत. काळ्या जमिनी सोडून इतरत्र आपल्याकडे सुरुवातीची मुरवणूक, म्हणजे पाणी वाहू लागण्याआधी जमीन जेवढे पाणी अडवते ते, तिच्या एकूण धारणक्षमतेच्या ०.३ पट धरतात, तीच मीही धरली. एका दिवसात ६० मिलिमीटर पाऊस पडला तर ८६ अंकाच्या माळावरून २५.५ मिलिमीटर पाणी वाहते आणि ७४ अंकाच्या माळावरून ९ मिलिमीटर. चाळीस हेक्टरांवर पहिला आकडा १०.२ टीसीएम होतो, म्हणजे माझा बांध एका संध्याकाळी भरण्याइतका. आता तेच ६० मिलिमीटर वीस-वीसचे तीन सुटे पाऊस म्हणून घ्या. वाईट माळावरून तिन्ही मिळून साडेतीन मिलिमीटर पाणी येते आणि चांगल्या माळावरून थेंबही येत नाही. पर्जन्यमापकाच्या वहीत दोन्हीकडे महिन्याची बेरीज ६० च लिहिलेली असते. त्या तीन वर्षांत माझ्या बांधाचे जे झाले, ते या चार आकड्यांत आहे. फक्त ते मला वीस वर्षे आधी मांडता आले नाही.

तरीही कर्व्ह नंबरमध्ये एक मोठी उणीव आहे: तो पाऊस किती पडला हे विचारतो, किती वेळात पडला हे विचारत नाही. साठ मिलिमीटर दिवसभर रिपरिप पडले काय आणि दीड तासात कोसळले काय, उत्तर एकच येते. कोरड्या माळावर पाणी वाहण्याचे मुख्य कारण जमीन तुडुंब भिजणे हे नसते. आत वीतभर खाली माती अनेकदा कोरडी ठणठणीत असते. पावसाचा वेग मुरण्याच्या वेगापेक्षा जास्त होतो आणि जादा पाणी वरच्यावर निघून जाते. उघड्या मातीवर थेंबांचा मारा बसून बारीक कण छिद्रांत बसतात, पापुद्रा धरतो, आणि मुरण्याचा वेग पावसाच्या पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच घसरतो. वळवाच्या पहिल्या पावसानंतर माळ उकरून पाहिला तर बोटभर खालची माती फुफाट्यासारखी निघते, हे आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याने पाहिलेले असते.

मातीच्या धुपीचे गणित याहून अधिक अडचणीचे आहे. जगभर वापरले जाणारे धुपीचे समीकरण, ज्याला ‘युनिव्हर्सल सॉइल लॉस इक्वेशन’ म्हणतात, ते विश्मायर आणि स्मिथ यांनी १९६५ आणि १९७८ या वर्षी प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकांतून रूढ झाले. दहा हजारांहून अधिक वाफा-वर्षांच्या (एका प्रायोगिक वाफ्याची एका वर्षाची मोजणी म्हणजे एक वाफा-वर्ष) नोंदी त्याच्या पाठीशी आहेत, आणि त्याबद्दल आदरच वाटला पाहिजे. परंतु ते वाफे प्रामुख्याने अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागातील पिकाऊ जमिनींचे होते. प्रमाण वाफा २२.१३ मीटर लांब आणि ९ टक्के उताराचा असतो. ही विचित्र लांबी एवढ्याचसाठी की सहा फूट रुंदीचा वाफा ७२.६ फूट लांब घेतला की क्षेत्र बरोबर एकराचा शंभरावा भाग होते. या वाफ्याची व्याख्या अशी आहे की तो उताराच्या दिशेने नांगरून सतत उघडा ठेवलेला असावा. जो माळ कधी नांगरलाच गेला नाही, ज्याच्यावर दगडगोटे, गवताची बुडखी, वाळका पाचोळा आणि मेंढ्यांच्या वाटा आहेत, त्याची तुलना नांगरटीशी करून गुणकांनी ती कमी करत आणायची, ही सुरुवातच परकी आहे. शिवाय या समीकरणाचे उत्तर पुन्हा वार्षिक सरासरीच असते. अशाच पद्धतीच्या आधारावर ध्रुवनारायण आणि राम बाबू यांनी १९८३ साली भारतासाठी हेक्टरी वर्षाला १६.३५ टन हा आकडा काढला. देशाचे धोरण ठरवायला तो उपयोगी पडला, आणि दुर्दैवाने तो तालुक्याच्या अंदाजपत्रकांतही जसाच्या तसा उतरलेला मी पाहिला आहे.

माझी मुलगी ॲरिझोनात चँडलर येथे राहते. २०१८ च्या जुलैत आम्ही उभयता तिच्याकडे होतो. तेथेही त्या दिवसांत पावसाळा असतो आणि त्याला लोक ‘मान्सून’च म्हणतात, दुपारनंतर ढग चढतात, धूळ उठते, विजा कडाडतात आणि अर्ध्या तासात सगळे संपते. आपल्याकडच्या वळवाशी त्याचे इतके साम्य आहे की हिला घरची आठवण झाली. जावयांनी विचारले, ‘बाबा, ग्रँड कॅनियन बघायचे की टूमस्टोन?’ मी टूमस्टोन म्हटले. ते १८७९ चे चांदीच्या खाणीचे गाव १८८१ च्या एका गोळीबारामुळे प्रसिद्ध आहे, आणि पर्यटक त्याच्यासाठीच जातात. मला तेथे जायचे होते ते वॉलनट गल्चसाठी. हे गाव ज्या पाणलोटात आहे, तो सुमारे १५० चौरस किलोमीटरचा पाणलोट अमेरिकेच्या कृषी संशोधन सेवेने १९५३ मध्ये प्रयोगासाठी निवडला, आणि तेव्हापासून तेथे पाऊस, प्रवाह आणि गाळ यांची मोजणी अखंड चालू आहे. वर्षाला ३०० मिलिमीटरच्या थोडा वर पाऊस, त्यातला साठ टक्क्यांच्या आसपास जुलै ते सप्टेंबरमध्ये, आणि वाहणारे पाणी जवळजवळ सगळे याच तीन महिन्यांतल्या वादळांचे. एवढ्या क्षेत्रात ८८ पर्जन्यमापक आहेत. आमच्या तालुक्यात मंडलाला एक असे, आणि त्याच्या नोंदीवर दहा-वीस मैलांवरच्या नाल्याचा येवा आम्ही काढत असू.

आत जायची परवानगी मी आधी मागितलेली नव्हती, त्यामुळे जे पाहिले ते रस्त्यावरून आणि कुंपणाबाहेरून. ओढ्याचे पात्र रुंद, वाळूचे आणि पूर्ण कोरडे होते. कडेच्या उतारावर एकीकडे काटेरी झुडपे आणि त्यांच्यामध्ये उघडी, खडी पसरलेली जमीन, तर पुढच्या टेकाडांवर गवत. रस्त्याच्या कडेला उतरून पँटला चिकटलेली कुसळे काढू लागलो आणि ओळख पटली: ती आपलीच कुसळी होती, हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस. सोलापूर-साताऱ्याच्या माळांवर भादव्यानंतर जी मोज्यांत घुसते, तीच जात तेथेही मूळची आहे.

वॉलनट गल्चने शिकवलेल्या गोष्टींपैकी दोन माझ्या मनात घट्ट बसल्या आहेत. पहिली पाण्याची. ओल्या प्रदेशात खाली जावे तसे नदीचे पाणी वाढते. येथे पाणलोट जितका मोठा घ्याल तितके दर हेक्टरी पाणी कमी होत जाते, कारण वाळूचे पात्र वाटेतच ते पिऊन टाकते, आणि एकच वादळ साऱ्या पाणलोटावर सहसा पडत नाही. म्हणजे छोट्या वाफ्यावर मोजलेला अपधाव (वाहून जाणारे पाणी) मोठ्या नाल्याला लावता येत नाही आणि मोठ्या नाल्याचा छोट्या बांधाला लावता येत नाही. इंग्लिसचे सूत्र मोठ्या प्रवाहांच्या नोंदींवरून आले होते, आणि मी ते चाळीस हेक्टरांच्या कामाला पडताळा म्हणून वापरत होतो.

दुसरी गोष्ट मातीची. लकी हिल्स हा तेथील झुडपांचा उपपाणलोट आणि केंडल हा गवताचा. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनंतर सीझियम-१३७ जगभर जमिनीवर उतरले आणि मातीच्या कणांना घट्ट चिकटले. ते कोठे कमी झाले आणि कोठे साचले हे मोजून मधल्या चाळीस वर्षांत माती कोठून कोठे गेली हे काढता येते. तसे काढल्यावर झुडपांच्या पाणलोटातून हेक्टरी वर्षाला निव्वळ ४.३ टन माती बाहेर गेलेली आढळली. गवताच्या पाणलोटातून निव्वळ तोटा शून्याच्या जवळ होता. तेथेही उतारांवरून माती सुटत होतीच, झिजणाऱ्या भागांत हेक्टरी ३.२ टन इतकी. पण ती खालच्या सखल भागात थांबत होती. ४.३ टन म्हणजे जाडीत सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर. आकडा किरकोळ वाटतो, परंतु ज्या माळावर मुरमाच्या वर मातीच वीतभर आहे, तेथे शंभर वर्षांत तीन सेंटिमीटर गेले तर काय उरते याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

याच मोजणीतला आणखी एक निष्कर्ष आम्हा उतार मोजणाऱ्यांना खटकणारा आहे. धुपीचा संबंध उताराच्या तीव्रतेशी लागला नाही. तो लागला वरच्या थरातील दगडांच्या प्रमाणाशी. जास्त उताराच्या जागेवरची बारीक माती पूर्वीच निघून गेलेली असते आणि मागे राहिलेले गोटे जमिनीला फरशीसारखे झाकतात. आपल्या माळांवरही हेच दिसते. सपाटीकरणाच्या कामात पहिल्यांदा दगड वेचून बांधाला लावायचे, ही आमची ठरलेली रीत होती. शेत करायचे असेल तर ती योग्यच आहे. चराऊ माळावर वनीकरणाचे खड्डे घेतानाही आम्ही तेच केले, ते मात्र चुकीचे होते असे आज माझे स्पष्ट मत आहे.

या सगळ्या मोजण्यांतून, आणि अमेरिकेच्या पश्चिमेकडील सुमारे ५० ठिकाणी कृत्रिम पाऊस पाडून केलेल्या प्रयोगांतून, ॲरिझोनातल्याच टूसॉन शहरातील संशोधकांनी खास चराऊ रानांसाठी एक प्रतिमान तयार केले आणि २०११ मध्ये ते मांडले. ‘रेंजलँड हायड्रॉलॉजी अँड इरोजन मॉडेल’ असे त्याचे नाव आहे. आद्याक्षरांवरून त्याला ‘ऱ्हेम’ म्हणतात. ते नांगरटीपासून सुरुवात करत नाही. न हललेल्या माळावर माती मुख्यतः थेंबांच्या माऱ्याने उडते आणि पाण्याच्या पातळ पदराबरोबर सरकते. ओघळींचे काम जाळपोळीनंतर किंवा जमीन फार तुडवली गेल्यावर वाढते, असे त्याचे गृहीत आहे. त्याला मातीचा पोत, उताराची लांबी आणि आकार, आणि आच्छादनाचे आकडे द्यावे लागतात: गवत झुबक्याचे की पसरणारे, झुडपे किती, वार्षिक तण किती, आणि जमिनीलगत बुडखे, पाचोळा, दगड व शेवाळाचा पापुद्रा प्रत्येकी किती टक्के. हवामानाच्या नोंदींवरून ते तीनशे वर्षांचा पाऊस वादळागणिक रचते, आणि उत्तर केवळ सरासरीत न देता दोन, पाच, दहा, पंचवीस, पन्नास व शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या घटनेलाही देते. माझ्या बांधाला नेमके हेच उत्तर हवे होते.

त्याच्या आतले एक समीकरण मला सर्वांत बोलके वाटते. माती सुटण्याची प्रवृत्ती मोजणारा जो गुणांक आहे, तो जमिनीलगतच्या आच्छादनावर अवलंबून असतो, पण सरळ रेषेत नव्हे. ४७.५ टक्क्यांवर त्या रेषेला गुडघा आहे. आच्छादन ७५ टक्क्यांवरून ४७.५ टक्क्यांवर आले तर गुणांक सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. तेथून पुढे तेवढेच आणखी घटून २० टक्क्यांवर आले तर तो पाचपट होतो. माळाची पहिली पडझड डोळ्यांना दिसते आणि गाळात फारशी दिसत नाही. दुसरी पडझड, जी ‘तसाही हा माळ उजाडच होता’ म्हणून कोणी लक्षात घेत नाही, ती नालाबांध भरून टाकते.

केंडलला हे प्रत्यक्षात घडले. २००० नंतरच्या दुष्काळी वर्षांत तेथील मूळचे बारमाही गवत मोठ्या प्रमाणावर मेले, त्याच्या जागी तण माजले, आणि २००६ च्या पावसाळ्यात गाळ एकदम वाढला. पुढे दक्षिण आफ्रिकेतून पूर्वीच आणलेले लेहमन लव्हग्रास नावाचे गवत त्या जागी पसरले, आणि गाळ पुन्हा खाली आला. मूळ गवताची जात गेल्याचे दुःख वनस्पतीशास्त्रज्ञाला असते. पावसाच्या थेंबाला जमीन झाकलेली मिळाली तर जात कोणती याचे फारसे सोयरसुतक नसते.

१९५८ मध्ये लँगबाइन आणि शुम या अमेरिकी संशोधकांनी दाखवले होते की अमेरिकेत सर्वाधिक गाळ अतिपावसाच्या मुलखातून येत नाही आणि वाळवंटातूनही येत नाही, तर परिणामकारक पाऊस ३०० मिलिमीटरच्या आसपास असलेल्या मधल्या पट्ट्यातून येतो: वादळ पाडण्याइतका पाऊस आहे, पण जमीन झाकण्याइतके गवत नाही. तो आकडा सुमारे १० अंश सेल्सिअस सरासरी तापमानासाठी आहे. जेथे ऊन जास्त तेथे हाच माथा अधिक पावसाकडे सरकतो. माण, खटाव, सांगोला, जत येथले चारशे-पाचशे मिलिमीटर हे तेव्हा अवर्षण म्हणूनच नव्हे, धुपीच्या दृष्टीनेही अडचणीच्या जागी बसतात.

ऱ्हेम संगणकावर मुलीने उघडून दिले. हवामानासाठी मी टूमस्टोनचेच केंद्र ठेवले, म्हणून माणच्या माळाचा येवा त्यातून काढला असा दावा मी करणार नाही. आमचा मुरूम आणि तेथली खडी वेगळी, पावसाची तीव्रता वेगळी. मला पाहायचा होता तो आच्छादन बदलल्यावर उत्तर कसे हलते तो कल, आणि तो वर सांगितल्याप्रमाणेच हलला. खरी अडचण आली ती माहिती भरताना: बुडखे किती टक्के, दगड किती, पाचोळा किती? पस्तीस वर्षे ज्या माळांवर हिंडलो, त्यांच्यापैकी एकाचाही हा आकडा माझ्याजवळ नव्हता. खोदलेल्या चरांचे रनिंग मीटर मात्र सगळे पाठ होते.

म्हणून परत आल्यावर दरवर्षी मेच्या अखेरीस, वळीव येण्यापूर्वी, त्याच चाळीस हेक्टरांच्या माळावर जातो. माथ्यापासून पायथ्यापर्यंत सरळ रेषेत शंभर पावले चालायची, आणि प्रत्येक पावलाला बुटाच्या टोकाशी जे येईल ते वहीत मांडायचे: दगड, बुडखा, पाचोळा की उघडी माती. एका रेषेवरचे एवढे बिंदू पुरत नाहीत, म्हणून अशा पाच रेषा घेतो. गेल्या मेमध्ये पाचशे बिंदूंपैकी २६३ झाकलेले निघाले, म्हणजे ५२.६ टक्के, त्या गुडघ्याच्या थोडेसे वर. मी मनातून खूश होतो.

तिसऱ्या रेषेवर असताना एक म्हातारे मेंढपाळ काठी टेकून बराच वेळ बघत उभे होते. शेवटी त्यांनी विचारले, ‘सायेब, काय मोजताय?’

‘आबा, किती जमीन उघडी आहे ते मोजतोय. पाणी किती येईल याचा अंदाज बांधायचाय.’

‘मग हितं कशाला मोजताय? पानी तिकडनं येतंय,’ असे म्हणून त्यांनी काठीने उजवीकडची वाट दाखवली. त्यांच्या कळपाची माथ्यावरून पाण्याकडे उतरणारी वाट होती ती, तीन-चार हात रुंद आणि घोट्याएवढी खोल. दोन्ही बाजूंचे उघडे चट्टे तिला येऊन मिळत होते, आणि ती थेट नाल्याच्या तोंडाशी उतरत होती.

मी पाचही रेषा माथ्यापासून पायथ्याकडे घेतल्या होत्या, म्हणजे वाटेला समांतर. पाचशेपैकी एकही बिंदू तिच्यावर पडला नव्हता, आणि पडला असता तरी ऱ्हेमला मी टक्केवारीच दिली असती. उघडी जमीन माळभर विखुरलेली आहे की एकमेकींना जोडून नाल्यापर्यंत गेलेली आहे, हे त्या टक्केवारीत येत नाही. त्या दुपारी आबांनाच बरोबर घेऊन उताराला आडव्या तीन रेषा पुन्हा चाललो. प्रत्येक रेषेने वाट ओलांडली तेथे वहीत खूण केली, आणि वाटेला कोठून कोठून पाणी येऊन मिळते हे ते सांगत गेले तसे नकाशावर काढत गेलो. अकरा जागा निघाल्या. जूनमध्ये त्यांपैकी वरच्या चार जागी, वाटेला आडवे, माळावरचेच दगड आणून हातभर उंचीच्या ओळी लावल्या आहेत. बांधात गाळमापनाची पट्टीही रोवली आहे. अजून मोठा पाऊस झालेला नाही.